ओळखी नाहीत, मग गुंतवणूकदारापर्यंत पोचायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघा भागीदारांनी छोट्या कारखान्यांसाठी यंत्रांच्या देखभालीच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर बनवलंय. चौदा महिन्यांत ३८ कारखाने पैसे भरून ते वापरू लागलेत. भांडवल उभं करायचं म्हणून तुम्ही १२० व्हेंचर फंडांना (नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसे घालणाऱ्या संस्थांना) ईमेल पाठवले. उत्तरं चार आली. त्यातले तीन नकार, आणि एक ‘सहा महिन्यांनी बोलू’. आता एक गृहस्थ म्हणतात, माझ्या ओळखी आहेत, जी रक्कम उभी राहील तिच्या ५ टक्के मला द्या. यावर तुमचे प्रश्न दोन: ओळखी आणायच्या कुठून, आणि या गृहस्थांना पैसे द्यायचे का?

दुसऱ्याचं उत्तर लगेच देतो. नका देऊ. इतक्या सुरुवातीच्या टप्प्यावर पैसे घेऊन केलेल्या शिफारशीला फंडात कुणी धूप घालत नाही. उलट, ‘यांच्यासाठी फुकट बोलणारं कुणीच नव्हतं का?’ हा प्रश्न मनात येतो, आणि तो पुसला जात नाही. शिवाय अनेक देशांत परवाना नसताना असं कमिशन घेणं कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतं. सही करण्याआधी वकिलाला विचारा, पण माझ्या मते गोष्ट वकिलापर्यंत जाऊच देऊ नका.

आता खरा प्रश्न. माझी बाजू आधी सांगतो: मी दोनदा कंपनीसाठी भांडवल उभं केलंय, एकदा सात महिने फिरून रिकाम्या हातानं परत आलोय, आणि आता एका लहान फंडात बसून भांडवल मागायला येणाऱ्यांच्या पिच, म्हणजे मांडण्या, ऐकतो. तुम्ही म्हणता, ‘आमची त्या जगात ओळख नाही.’ मला वाटतं अडचण ती नाही. चार कार्यक्रमांना गेलात तर चाळीस जणांशी ओळख होईल, फोनमध्ये नंबरही जमतील. तुमच्याकडे नाही ते वेगळंच आहे: तुमच्यासाठी शब्द टाकणारं माणूस. शब्द टाकणारा आपली पत गहाण ठेवत असतो. तुम्ही उद्या कच्चे निघालात तर पुढच्या वेळी त्याच्या शिफारशीचा ईमेल उघडलाही जात नाही. म्हणून ‘कुणाला गाठू?’ यापेक्षा ‘माझ्यासाठी पत पणाला लावावी असं कुणाला आणि कशामुळे वाटेल?’ हे स्वतःला विचारा.

गूगलचं उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण त्यातला हा भाग सहसा निसटतो. ऑगस्ट १९९८मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सचे सहसंस्थापक अँडी बेक्टोल्शाइम यांनी गूगलच्या संस्थापकांना, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांना, एक लाख डॉलरचा चेक दिला. तेव्हा कंपनीची नोंदणीसुद्धा झालेली नव्हती. चेक ‘गूगल इन्क.’च्या नावानं होता आणि तो जमा करण्यासाठी आधी कंपनी स्थापन करावी लागली. ही भेट घडवून आणली स्टॅनफर्डचे प्राध्यापक डेव्हिड चेरिटन यांनी. त्यांनी आणि बेक्टोल्शाइम यांनी मिळून ग्रॅनाइट सिस्टिम्स नावाची कंपनी काढली होती आणि १९९६मध्ये ती सिस्कोला विकली होती. म्हणजे शब्द टाकणाऱ्याचा शब्द ऐकणाऱ्याकडे आधीच वटलेला होता, आणि ही मुलं काय करतायत हे त्यानं विद्यापीठात जवळून पाहिलं होतं. या दोन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. तुम्हाला नीट ओळखणारा पण गुंतवणूकदाराला परका, असा माणूस अर्धाच उपयोगाचा. गुंतवणूकदाराचा मित्र पण तुम्हाला कालच भेटलेला, तोही अर्धाच.

तुमच्या १२० ईमेलांचं जे झालं त्यात नवल काही नाही. पॉल गॉम्पर्स आणि सहकाऱ्यांनी ८८५ व्हेंचर गुंतवणूकदारांना विचारून केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की फंड एका कंपनीत पैसे घालतो तेव्हा साधारण शंभर प्रस्ताव त्याच्या नजरेखालून गेलेले असतात. झालेल्या व्यवहारांपैकी फाउंडरनं (कंपनी काढणाऱ्यानं) स्वतःहून संपर्क साधून जमलेले जेमतेम १० टक्के. बाकी आले कामातल्या ओळखींतून, दुसऱ्या गुंतवणूकदारांकडून, आधी पैसे घातलेल्या कंपन्यांकडून, किंवा फंडानं स्वतः शोधून. हा शेवटचा वाटा पाव हिश्शाहून जास्त होता, तो विसरू नका. त्याकडे पुढे येतो. तर दार बंद नाही, पण तुम्ही सगळा जोर सर्वांत अरुंद दारावर लावलात.

पुढचं सांगण्याआधी एक कटू गोष्ट. तुमच्या धंद्याला व्हेंचरचा पैसा मानवेल का, हे मला तुमच्या माहितीवरून कळत नाही, आणि बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. फंडाचं गणित बघा. समजा फंड १० कोटी डॉलरचा आहे. पैसे फंडाचे स्वतःचे नसतात. पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधी, धनाढ्य घराणी यांचे असतात, आणि साधारण दहा वर्षांत ते वाढवून परत करायचे असतात. पंचवीस-तीस कंपन्यांत पैसे घातले तर बऱ्याच बुडतात, काही मुद्दल देतात, आणि सगळी भिस्त एकदोघींवर राहते. आता तुमची कंपनी ३ कोटी डॉलरला विकली गेली आणि तेव्हा फंडाकडे १५ टक्के हिस्सा असला, तर फंडाला मिळाले ४५ लाख. तुमचं आयुष्य पालटलं. फंडाच्या हिशेबात मात्र हे पाच टक्केही भरत नाहीत. एकट्या तुमच्या कंपनीनं अख्खा फंड परत करायचा तर ती सुमारे ६७ कोटी डॉलरला विकली जायला हवी. समोरचा पार्टनर, म्हणजे फंडातला गुंतवणुकीचा निर्णय घेणारा भागीदार, हसून मान डोलावत असतो तेव्हा डोक्यात हाच भागाकार चालू असतो.

म्हणून आज रात्री कागद घ्या. तुम्हाला जमतील असे कारखाने किती, त्यातले दहा टक्के मिळाले तर वर्षाची विक्री किती, हे लिहा. आकडा फार लहान आला तर वाईट वाटून घेऊ नका. ईमेल मार्केटिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मेलचिंपनं २००१पासून बाहेरचं भांडवल न घेता धंदा वाढवला आणि २०२१मध्ये इंट्युइटनं ती कंपनी सुमारे १२०० कोटी डॉलरला घेतली. कर्ज, ग्राहकांकडून वर्षाची आगाऊ रक्कम, दोन-तीन एंजल (स्वतःच्या खिशातून पैसे घालणारे) गुंतवणूकदार, असे रस्ते आहेत. आकडा मोठा आला, किंवा मोठा का होईल हे सांगता आलं, तर पुढे वाचा.

शब्द टाकायला सर्वांत वजनदार माणूस म्हणजे ज्याच्या कंपनीत त्याच फंडानं पैसे घातलेत असा फाउंडर. त्याचं आणि पार्टनरचं बोलणं नेहमीचं असतं, आणि दुसऱ्या फाउंडरला पारखण्याची त्याची नजर फंडाला मान्य असते. त्याच्याकडे जाताना मात्र ओळख मागत जाऊ नका. मी पहिल्यांदा हीच चूक केली. वीस जणांना लिहिलं, ‘तुमच्या गुंतवणूकदाराशी गाठ घालून द्याल का?’ एकाचंही उत्तर आलं नाही, आणि का यावं? दुसऱ्या वेळी मी फक्त कामाचं विचारलं. एकीला लिहिलं: ‘तुम्हीही लहान कारखान्यांना विकता. आमचे ग्राहक पहिला महिना उत्साहानं वापरतात, दुसऱ्या महिन्यात पर्यवेक्षक नोंदी भरणं सोडतात. तुमच्याकडे असं झालं होतं का?’ तिनं दुसऱ्याच दिवशी फोन केला. पर्यवेक्षकाला दिवसभर सारखं भरायला लावू नका, पाळी संपताना एकदाच भरायला लावा, म्हणाली. आम्ही तसं केलं, आणि तीन आठवड्यांनी तिला आकडे कळवले: आधी इतके भरत होते, आता इतके. त्यानंतर आणखी दोनदा बोलणं झालं. चौथ्या महिन्यात तीच म्हणाली, ‘आमच्या पार्टनरला भेटायचंय का?’ सल्ला विचारणारे तिला रोज भेटत असतील. सल्ला अमलात आणून निकाल कळवणारे फारसे नसावेत.

दुसरा गट तुमचे ग्राहक. तुमच्याकडे ३८ आहेत आणि तुम्ही त्यांच्याकडे फक्त ग्राहक म्हणून बघताय. त्यातल्या एखाद्या मालकाचा भाऊ मोठ्या कंपनीत खरेदी बघत असेल, एखाद्यानं स्वतः कुठे एंजल म्हणून पैसे गुंतवले असतील. विचारल्याशिवाय कळणार नाही. आणि पैसे भरून वापरणारा ग्राहक स्वतःहून दोन शब्द बोलला, तर त्यापुढे कुठल्याही सल्लागाराची शिफारस फिकी पडते.

तिसरा गट लोक विसरतात: जुने सहकारी, कॉलेजचे अर्धवट ओळखीचे, एका प्रकल्पावर सहा महिने बरोबर काम केलेले. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३मध्ये दाखवून दिलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना ती अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. नेहमी भेटणाऱ्यांकडून कळलेले सहात एक. कारण साधं आहे. रोजच्या मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. पैशाच्या शोधातही मला हेच दिसलं. माझा पहिला एंजल हा जुन्या ऑफिसातला हिशेबनीस होता. त्याच्याशी पाच वर्षांत दोनदा बोलणं झालं असेल. पण मी वेळेवर बिलं देत असे, हे त्याला आठवत होतं!

कुणी शब्द टाकायला तयार झालं की त्याचं काम सोपं करा. ‘आमच्याबद्दल काहीतरी लिहा ना’ असं सांगून त्याला कोड्यात टाकू नका. त्याला जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा छोटा ईमेल स्वतः लिहून द्या. असा, आकडे अर्थात तुमचे घाला:

‘आम्ही लहान कारखान्यांसाठी यंत्रदेखभालीचं सॉफ्टवेअर बनवतो. १४ महिन्यांत ३८ कारखाने पैसे भरून वापरतात. पहिल्या दहापैकी नऊ अजून आहेत. आमच्यापैकी एकानं आठ वर्षं कारखान्यात देखभाल विभाग सांभाळला आहे. पुढच्या दीड वर्षात ३०० कारखान्यांपर्यंत जाण्यासाठी भांडवलाचा पहिला राउंड उभारतोय. अमुक यांनी अशाच ग्राहकांना विकणाऱ्या कंपनीत पैसे घातलेत, म्हणून त्यांच्याशी अर्धा तास बोलायचं आहे.’

बस. सहा वाक्यं. क्रांती, अफाट बाजारपेठ वगैरे शब्द नकोत. शेवटचं वाक्य प्रत्येक वेळी नवं लिहावं लागतं, कारण त्यावरूनच कळतं की हा ईमेल १२० जणांना गेलेला नाही. मधल्या माणसाला सांगा की आधी गुंतवणूकदाराला विचारून घ्या, त्याचा होकार आला तरच जोडून द्या. जोडून दिल्यावर त्याच दिवशी उत्तर द्या, आणि भेट झाली की मधल्या माणसाला दोन ओळीत कळवा. हे शेवटचं किती लोक विसरतात! मी एकदा एका तरुण फाउंडरसाठी शब्द टाकला. समोरच्यानं तासाभरात वेळ दिली, आणि याचं उत्तर नवव्या दिवशी गेलं. कारण खरं असेलही, आजारपण वगैरे. पण त्याच्यासाठी मी पुन्हा कुणाला लिहिलं नाही.

एक सापळा. नकार देणारा गुंतवणूकदार सौजन्यानं म्हणतो, ‘मी तुमची दुसऱ्या फंडाशी ओळख करून देतो.’ मी हरखून हो म्हटलं होतं. पुढच्या भेटीत पहिलाच प्रश्न आला: ‘त्यांना इतकं आवडलं तर त्यांनी स्वतः का नाही घातले?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो फंड फक्त मोठ्या राउंडमध्येच उतरतो, किंवा तुमचं क्षेत्र त्यांच्या कक्षेबाहेर आहे, असं उघड कारण असेल तेवढीच अशी ओळख घ्या.

आणि शब्दानं दार उघडतं, पैसे मिळत नाहीत. २००८च्या जूनमध्ये एअरबीएनबीच्या फाउंडरांची त्यांचे उद्योजक मित्र मायकल साइबेल यांनी सात नामवंत गुंतवणूकदारांशी गाठ घालून दिली. ते १५ लाख डॉलरच्या मूल्यांकनावर दीड लाख डॉलर मागत होते. पाच जणांनी नकार दिला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. चांगल्या माणसाच्या शिफारशीवरही असं होतं, तेव्हा तीन नकारांवर आपल्या उत्पादनाची किंमत ठरवू नका.

मघाशी म्हटलं की फंड स्वतःही कंपन्या शोधत असतात. त्यांच्या नजरेत येण्याचा मला जमलेला एकच उपाय आहे: आपल्या क्षेत्रात दुसऱ्यांना ठाऊक नसलेलं काहीतरी लिहीत राहणं. तुमच्याकडे ३८ कारखान्यांच्या नोंदी आहेत. कुठली यंत्रं कधी बंद पडतात, का पडतात, यावर ग्राहकांची परवानगी घेऊन आणि नावं गाळून महिन्याला एक टिपण लिहिलंत तर या क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या फंडातल्या एखाद्या नवख्या विश्लेषकाच्या हाती ते लागेल. तो विश्लेषक चेक लिहीत नाही, म्हणून त्याला कमी लेखू नका. पार्टनरसमोर टिपण ठेवणारा तोच असतो.

प्रत्यक्ष राउंडबद्दल थोडं, कारण इथे परिस्थितीनुसार फार बदलतं. यादी १२०ची नको, तीस-चाळीसची पुरे. पण प्रत्येक नावापुढे फंडातला कोणता पार्टनर, त्यानं अलीकडे कुठे पैसे घातले, तुमच्या स्पर्धकात तर नाहीत ना, आणि फंडाकडे नव्या गुंतवणुकीसाठी पैसे शिल्लक आहेत का, हे लिहिलेलं हवं. जुना फंड संपत आलेला असला तरी लोक भेटत राहतात, गोड बोलतात, आणि तुमचे दोन महिने जातात. हे पहिल्याच भेटीत विचारायला लाजू नका. भेटी शक्यतो सहा-आठ आठवड्यांत एकत्र घ्या. वर्षभर थोडंथोडं भेटत राहिलं की तुम्ही ‘अजून फिरतायत का हे?’ या यादीत जाता. वर सांगितलेल्या अभ्यासात एक व्यवहार पुरा व्हायला सरासरी ८३ दिवस लागतात असं दिसलं, तेव्हा बँकेत सहा-आठ महिन्यांचा खर्च असतानाच सुरुवात करा.

त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे: फंड सरासरी दहा जणांना फोन करून तुमच्याबद्दल विचारतो. हे दहा जण तुम्ही दिलेल्या यादीतलेच असतील असं समजू नका. आमच्या दुसऱ्या राउंडच्या वेळी पार्टनरनं स्वतः शोधून आम्हाला सोडून गेलेल्या एका ग्राहकाला फोन केला. मला कळलं तेव्हा पोटात गोळा आला. नंतर पार्टनरनंच सांगितलं: तो ग्राहक म्हणाला होता, ‘आमची गरज संपली म्हणून सोडलं. पण जाताना त्यांनी आमच्या सगळ्या नोंदी नीट लावून फाइल करून दिल्या, आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे न मागता परत केले.’ त्या राउंडमध्ये माझ्या सादरीकरणातल्या अठरा स्लाइडांपेक्षा हा फोन जास्त उपयोगी पडला.

तुम्हीही उलट फोन करा. त्या फंडानं पैसे घातलेल्या आणि नंतर बंद पडलेल्या कंपनीचा फाउंडर शोधा आणि विचारा की वाईट दिवसांत हे लोक कसे वागले. यशस्वी कंपन्यांचे फाउंडर सगळ्यांबद्दल चांगलंच बोलतात.

टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा मसुदा, हातात आल्यावर व्हॅल्युएशनच्या (कंपनीच्या ठरलेल्या किमतीच्या) आकड्यावर सगळी नजर खिळते. त्याखालच्या ओळी वाचा: कंपनी विकली गेली तर आधी कुणाला किती, कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवायचे शेअर कुणाच्या हिश्शातून जाणार, बोर्डावर कोण, तुमचे स्वतःचे शेअर किती वर्षांत पक्के होणार. गुंतवणूकदारानं आधी आपलं मुद्दल एकपट काढून घेणं, किंवा त्याऐवजी हिश्शाप्रमाणे वाटा घेणं, ही रीत सर्वमान्य आहे. त्यापुढे काही मागितलं असेल तर थांबा आणि या व्यवहारांची सवय असलेला वकील गाठा. कौटुंबिक वकील इथे कामाचा नाही, कितीही जवळचा असला तरी.

आता त्या ‘सहा महिन्यांनी बोलू’ म्हणणाऱ्याबद्दल. सहा महिने थांबू नका. या महिन्यातच पहिला ईमेल पाठवा आणि मग दर महिन्याला एक. त्यात चार ओळी: ‘मागच्या महिन्यात म्हटलं होतं ४५ कारखाने. झाले ४२. तीन अडले कारण त्यांना भ्रमणध्वनीवर नोंद हवी होती. ते काम १५ तारखेला पुरं होतंय. पुढच्या महिन्याचं लक्ष्य ५०.’ पैशाचा उल्लेख नको, भेटीचा आग्रह नको. उत्तर बहुधा येणार नाही, पण ईमेल वाचला जातो. टेबलाच्या या बाजूला बसून मी असे ईमेल वाचतो, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात म्हटलेलं आणि झालेलं ताडून बघायची मला सवयच लागते. ज्यांनी नकार दिला त्या तिघांपैकी ज्याचा नकार सविस्तर होता, त्यालाही विचारून याच यादीत घ्या. पहिला मसुदा लिहिलात की ग्राहकांची नावं गाळून इथे टाका, वाचून सांगतो.